योर्न उत्झनला सिडनीतून घालवलं की त्यानेच काम अर्धवट टाकलं?

कौलारू:
सिडनी ऑपेरा हाऊसचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, पण ज्याने ते डिझाइन केलं त्या डेन्मार्कच्या योर्न उत्झनने पूर्ण झालेली बिल्डिंग कधी पाहिलीच नाही. १९६६ ला गेला तो २००८ ला वारेपर्यंत परत ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवलं नाही. माझ्या मते त्याला घालवलं. १९६५ ला सरकार बदललं, नवे बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी त्याचे पैसे अडवले, मग ऑफिसातल्या लोकांचे पगार त्याने करायचे कशातून?

हिशेबनीस:
घालवलं कसलं, राजीनामा त्यानेच दिला ना? अंदाज ७० लाख डॉलरचा, शेवटी झाले १० कोटी २० लाख, १९६३ ला व्हायची ती बिल्डिंग उघडली १९७३ ला. पैसा लोकांचा, लॉटरी काढून जमवलेला. मंत्र्याने ड्रॉइंग कुठे आहेत म्हणून विचारलं तर काय चुकलं?

कौलारू:
१० कोटींचं खापर त्याच्यावर कशाला, तो गेला तेव्हा त्यातला जेमतेम पाव खर्च झाला होता. डिझाइन पक्कं नसताना १९५९ ला काम सुरू करायची घाई सरकारची, त्यात खालचे कॉलम छताचं वजन पेलणार नाहीत म्हणून पुन्हा बांधावे लागले. छताचा तोडगाही त्याचाच, सगळे शेल, म्हणजे छताची ती शिंपल्यासारखी कवचं, साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे, म्हणजे तेच साचे परत परत वापरता आले. आणि टाइल्स जवळून बघा, १० लाखांवर, स्वीडनच्या, मधे चकाकत्या पांढऱ्या आणि कडेला मॅट क्रीम, त्यामुळे छत चमकतं पण आरशासारखं डोळ्यांवर येत नाही.

विंगेतून:
तुम्ही दोघंही पीटर हॉलला विसरलात!! उत्झन गेल्यावर पस्तिशीच्या आतल्या या आर्किटेक्टने आतलं सगळं पुरं केलं. मोठं सभागृह फक्त कॉन्सर्टला द्यायचं ठरलं, ऑपेरा छोट्यात ढकलला, तिथे वादकांची जागा अरुंद, आणि शिव्या खाल्ल्या त्याने. उत्झनला २००३ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं मोठं बक्षीस, तरी मिळालं, पीटर हॉल १९९५ लाच वारला.

हिशेबनीस:
हेच म्हणतोय. काम तडीस नेणाऱ्याला श्रेय द्या की.

कौलारू:
पीटर हॉलचं मान्य, पण उत्झनला आतलं जमलं नसतं हे मान्य नाही. कोपनहेगनजवळचं बॅगस्वेर्डचं चर्च बघा, १९७६ चं, बाहेरून साधी शेड वाटते, आत काँक्रीटचं छत ढगासारखं वळत जातं आणि उजेड वरून झिरपतो. सिडनीत तो प्लायवूडचे नमुने करून बघू द्या म्हणत होता, त्यालाच ह्यूजनी पैसे दिले नाहीत. नमुनाच करू दिला नाही तर ड्रॉइंग येणार कुठून?