चेनसॉ चालवताना हातमोजे घालावेत का?

प्रश्न:
ड्रिल किंवा लेथवर हातमोजे घालू नका, कापड गुंडाळून हात आत ओढला जातो, असं शिकवतात. मग चेनसॉला हातमोजे घाला असं का सांगतात? साधे सुती चालतील का? मशीन पेट्रोलचं आहे, १६ इंची बार.

उत्तर १:
घालाच. लेथवर मोकळा हात फिरत्या भागाजवळ जातो. चेनसॉ चालू असताना दोन्ही हात हँडलवरच हवेत. हात चेनपाशी पोचतो तो किकबॅक बसला (बारचं टोक अडकून करवत झटक्यात वर-मागे उसळली) किंवा पकड सुटली तरच, म्हणून पकड सगळ्यात महत्त्वाची. तळव्याला मऊ चामडं आणि मनगटाला घट्ट विणीचा पट्टा असलेले घ्या. सुती नकोत, चेन ऑइल लागलं की ते हँडलवर घसरतात.

माप नीट बघा. मशीन बंद ठेवून हातमोजे घाला आणि रेस दाबून सोडा. ट्रिगर दर वेळी पूर्ण परत यायला हवा. बोटाच्या टोकाला रिकामी जागा राहिली तर ती घडी ट्रिगरमागे अडकते आणि रेस सोडूनही चेन फिरत राहते. डावा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळतो का तेही तपासा; तो वर राहिला तर किकबॅकमध्ये हँडल हातात टिकत नाही.

उत्तर २:
चामड्याने पकड मिळते, चेन मात्र थांबत नाही. त्यासाठी वेगळे हातमोजे असतात. मानक ईएन आयएसओ ११३९३-४, जुन्या मालावर ईएन ३८१-७. क्लास ० म्हणजे चेनचा वेग सेकंदाला १६ मीटर धरून घेतलेली चाचणी, क्लास १ म्हणजे २०, क्लास २ म्हणजे २४. चेन अडवणारं लांब धाग्यांचं पॅड बहुतेक वेळा फक्त डाव्या हाताच्या पाठीवर असतं, कारण किकबॅकमध्ये चेनसमोर तोच भाग येतो. काहींमध्ये बोटांवर पॅड नसतं, तेव्हा पॅड कुठपर्यंत आहे ते चाचपून घ्या. चेन लागली की पॅडमधले धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन अडते. विजेवरच्या करवतीत मोटर जोर लावत राहते, तिथे या पॅडवर विसंबू नका. ईएन ३८८ची खूण सुरीच्या पात्यासाठी आहे, चेनसाठी नाही.

प्रश्नकर्ता:
बोटं बधिर होऊ नयेत म्हणून जेलवाले घेऊ का?

उत्तर १:
त्याने कंपन फारसं कमी होत नाही. उलट जाड थरामुळे मूठ जास्त आवळावी लागते आणि कंपन हातात आणखी उतरतं. कंपनाच्या बाबतीत हात उबदार आणि कोरडे ठेवणं हाच हातमोज्यांचा खरा उपयोग. कंपनासाठी चेनला धार लावा, हँडलची रबरं किंवा स्प्रिंग तपासा आणि मध्ये थांबत काम करा. थंडीत बोटं पांढरी पडू लागली तर डॉक्टरांना दाखवा.

उत्तर २:
धार लावताना आणि चेन बदलतानाही हातमोजे हवेत, इंजिन बंद करूनच. पॅडला चेनचा काप बसला की जोडी टाकून द्या. शिवून पुन्हा वापरू नका, टाके धाग्यांना जखडतात आणि मग ते ओढले जात नाहीत.