आधी आराखडा मागा

वर एका ताईंनी लिहिलंय, पालिका शाळांसाठी पालकांनी कितीही ओरडलं तरी निधी मिळत नाही. नुसतं ओरडून नाहीच मिळत, कागद लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २१ बघा: शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम २२ प्रमाणे समितीचा विकास आराखडाच अनुदानाचा आधार. मुलीच्या शाळेत आम्ही तो मागितला, तर कुणी केलेलाच नव्हता! मग धुणीभांडी करून येणाऱ्या आयांनीच नळ, संडास, बाकं मोजून लिहून काढली. मुंबई पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा असतो आणि साधारण फेब्रुवारीत मांडतात, तेव्हा मागणी दिवाळीनंतर लगेच पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात द्या. पोच घ्यायला विसरू नका.