पंक्चर टाळायचं तर आधी हवा मोजा, महागडा टायर नंतर

मुलुंडचा सायकलवाला:

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या दोघांनी नव्या हायब्रिड सायकली घेतल्या. पहिल्याच आठवड्यात एकाचं मागचं चाक बसलं. त्याने ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचा एकच सल्ला: आतून जाड थर असलेला परदेशी टायर घे, श्वाल्बे मॅरेथॉन प्लस घे, विषय संपला. मला हे पटत नाही. का ते सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातायत.

मी मुलुंड ते कुर्ला एलबीएस मार्गाने आठवड्यातून चार दिवस सायकलने कामाला जातो. तीन वर्षं झाली. पहिल्या पावसाळ्यात इतक्या वेळा चाक बसलं की एका वहीत लिहायला लागलो: तारीख, पुढचं की मागचं, भोक कुठे, कशाने. आजवर 14 नोंदी झाल्यात. त्यातल्या 6 वेळा ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या, साप चावल्यासारख्या. 3 वेळा भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या (टायर ज्यावर बसतो त्या चाकाच्या धातूच्या कड्याच्या) बाजूला होतं. एकदा व्हॉल्व्ह बुडापाशी फाटला. बाहेरून काही घुसल्याच्या नोंदी फक्त 4: दोनदा काच, एकदा बाइंडिंगची तार, एकदा स्टेपलरची पिन.

त्या दोन चिरा खिळ्याने पडत नाहीत. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर पार दबतो आणि मधली ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चिमटली जाते. माझ्या सहाही वेळा जागा तशाच होत्या: भांडुपला खचलेले पेव्हर ब्लॉक आणि मेट्रो 4 च्या कामापाशी खोदलेल्या रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा. प्लेटची कड बोटभर वर आलेली असते, अंधारात दिसत नाही.

हवा कमी का असते? कारण कोणी मोजत नाही. ट्यूब शाबूत असली तरी तिच्या रबरातून हवा हळूहळू झिरपते, आठवड्याला पाच-दहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) सहज उतरते, अरुंद टायरमध्ये जास्तच. आणि अंगठ्याने दाबून काही कळत नाही. 45 पण अंगठ्याला घट्ट लागते, 70 पण घट्टच लागते. माझं वजन 75 किलो, टायर 32 मिलीमीटरचा. मी दर रविवारी मीटरवाल्या पंपाने मागे 70, पुढे 60 भरतो. (टायरच्या अंगावर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, आधी ते वाचा.) हे सुरू केल्यापासून दोन चिरांचं पंक्चर एकदाही नाही.

दोन भारी टायरच्या पैशात मीटरवाला पंप, दोन जादा ट्यूब आणि पॅचचं किट येऊन वर पैसे उरतात.

हायवेवाला:

साफ असहमत. तुमची वही प्रामाणिक आहे, पण ती एलबीएस मार्गाची वही आहे. तुम्ही खड्ड्यांतून जाता म्हणून तुम्हाला खड्ड्यांची पंक्चरं होतात. मी ठाण्याहून सायनला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने जातो. तिथे ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडून राहतात. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांची जाळी असते, तिच्या तारा सुटून रस्त्यावर पसरतात. केसाहून जरा जाड, नखाएवढ्या लांब. चालत्या सायकलवरून दिसणं शक्यच नाही.

गेल्या वर्षी विक्रोळीला मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही. घाटकोपर गाठेपर्यंत पुन्हा बसलं. दुसरी ट्यूबही गेली. रिक्षात सायकल कोंबून घरी आलो. रात्री टायर उलटा करून कापसाचा बोळा आतून सावकाश फिरवला, तेव्हा एका ठिकाणी कापसाचे धागे अडकले. चष्मा लावून पाहिलं तर टायरच्या जाडीत तार रुतलेली, टोक जेमतेम अर्धा मिलीमीटर आत. चिमट्याने येईना, शेवटी नेलकटरच्या दातात धरून ओढून काढली. टायरवर वजन आलं की ते टोक आत सरकायचं, वजन उतरलं की लपायचं. म्हणून बोटाला लागलं नाही. तुमची हवा 70 असो की 90, ती तार थांबली असती का?

त्यानंतर मॅरेथॉन प्लस घेतला. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या खाली 5 मिलीमीटर जाडीचा रबराचा थर आहे. तार घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. दोन पावसाळे झाले, एकही पंक्चर नाही. नव्या माणसाला मी हाच सल्ला देईन.

मुलुंडचा सायकलवाला:

कापसाचा बोळा प्रत्येकाने लक्षात ठेवावा, फार कामाची गोष्ट सांगितलीत. त्यात माझी एक भर: टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणा. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरमध्ये तेवढ्याच जागी शोधता येतं. अख्खा टायर चाचपत बसावं लागत नाही.

पण बाकीचं मान्य नाही. हा टायर एकेक जवळजवळ 900 ग्रॅमचा, आणि त्याची कड इतकी कडक की रिमवरून काढताना हात भरून येतात. आमच्या ऑफिसातल्या एकाचा असाच टायर कांजूरमार्गला भर पावसात बसला. व्हॉल्व्ह फाटला होता, त्यात टायरचा दोष नाही. पण टायर उचकटायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर मोडले आणि पाऊण तास फुटपाथवर गेला. नवा माणूस तिथेच सायकल सोडून देईल. आणि एक विचारतो, रागावू नका. दोन पावसाळ्यांत चाक उघडायची वेळ आली नाही, तर या घडीला तुमच्या टायरमध्ये हवा किती आहे?

गिरगावकर काका:

तुम्हा दोघांना एक जुनी गोष्ट सांगतो. आमचे वडील सत्तरच्या दशकात पेपरची लाइन टाकायचे, गिरगाव, खेतवाडी, पार भायखळ्यापर्यंत. काळी 28 इंची सायकल, कॅरिअरवर गठ्ठा. परदेशी टायर कोणी पाहिला होता? त्यांचा उपाय असा: जुनी ट्यूब घ्यायची, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा, ती लांबीत उभी चिरायची आणि टायर व चालू ट्यूब यांच्यामध्ये अंथरायची. वर टाल्कम पावडर, म्हणजे चिकटत नाही. टायरला चीर पडली तर जुन्या टायरचा तुकडा आतून गेटर म्हणून लावायचा. एक टायर दोन वर्षं पुरवायचे.

आणखी एक. काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, तिला आम्ही वॉलट्यूब म्हणतो. ती कुजली की हवा उतरते आणि लोक पंक्चर समजून ट्यूब बाहेर काढतात. वडील आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचे. आजही दूधवाल्यांच्या, पाववाल्यांच्या सायकली याच पद्धतीवर चालतात. त्यांना ना मीटर लागतो, ना चार आकडी टायर.

हायवेवाला:

काका, आदर आहे, पण जुन्या ट्यूबचं अस्तर मी करून पाहिलंय. कापलेल्या कडेने आठ दिवसांत नव्या ट्यूबला रेघ पाडली आणि तिथूनच हवा गेली. शिवाय ट्यूबचं रबर एक मिलीमीटरही जाड नसतं. माझ्या हायवेवरची तार ते पार करून जाते.

गिरगावकर काका:

कड सरळ कापलीत म्हणून. ती पॉलिश पेपरने घासून उतरती करायची, बोटाला पायरी लागता कामा नये. दोन टोकं एकमेकांवर चार बोटं चढवायची, ती पण घासून. वडिलांचा या कामात अर्धा रविवार जायचा. आणि ते रुंद टायरमध्येच जमतं हे खरं, तुमच्या अरुंद टायरमध्ये जागा कुठे आहे?

ट्यूबलेस झालो:

एवढी चर्चा ट्यूबवर. मी ट्यूबच काढून टाकली. आत दुधासारखा लॅटेक्सचा द्रव, बारीक भोक पडलं की चाक फिरता फिरता स्वतःच बुजतं. ट्यूब नाही तर चिमटणार काय? मुलुंडकरांच्या 6 नोंदी आणि हायवेवाल्यांची तार, दोन्ही एका फटक्यात निकालात.

मुलुंडचा सायकलवाला:

ट्यूबलेस चांगलंच आहे, पण रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले लागतात. आमच्या सोसायटीतल्या त्या दोघांच्या सायकलींना ते नाहीत, बहुतेक साध्या हायब्रिडना नसतात. शिवाय तो द्रव सुकतो. आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावा लागतो, नाहीतर आत नुसती पापडी उरते आणि माणूस बेसावध. टायर रिमवर बसवायलाही एकदम जोरात हवा लागते, साध्या पंपाने बऱ्याचदा बसत नाही. जो आठवड्याला हवा मोजत नाही तो तीन महिन्यांनी द्रव मोजेल का?

बोरिवलीची पहाट:

तुम्ही सगळे पंक्चर मोजताय. मी पंक्चरची जागा मोजते. मी बोरिवलीहून वांद्र्याला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने पहाटे सव्वापाचला निघते, कारण सातनंतर तो रस्ता सायकलचा राहत नाही. दोन वर्षांपूर्वी जोगेश्वरीजवळ पुलाखाली मागचं चाक बसलं. पंक्चरवाला उघडायला दोन तास होते. ट्यूब बदलायला मला बारा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून सराव केलाय. त्या बारा मिनिटांत एक बाइक दोनदा वळून आली. दुसऱ्यांदा थांबली. काही झालं नाही. पण हातातली ट्यूब व्हॉल्व्हच्या भोकात जाईना इतके हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात जाड टायर मागवला. जड आहे, मान्य. उड्डाणपुलाच्या चढावर दम लागतो, मान्य. वर्षातून चारऐवजी एकदा थांबावं लागत असेल तर मला ते वजन रोज ओढायचंय. 'आधी हवा, टायर नंतर' हे तुमच्या रस्त्यावर आणि तुमच्या वेळेला ठीक आहे, मुलुंडकर. सरसकट सगळ्यांना सांगू नका.

मुलुंडचा सायकलवाला:

ताई, बरोबर आहे तुमचं. मी वहीत तारीख लिहिली, वेळ एकदाही लिहिली नाही, कारण माझी सगळी पंक्चरं दुकानं उघडी असताना झाली. तुमच्या वेळेला बाहेर पडणाऱ्यांसाठी माझा सल्ला मागे घेतो. फक्त एक काम करा. चाक उघडून रिमच्या आतली, स्पोकची भोकं झाकणारी पट्टी पाहा. माझी तीन पंक्चरं त्या बाजूने झाली, आणि तिथे बाहेरचा जाड थर काहीच करू शकत नाही.

डावी कड नको:

टायर आणि हवा यांच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चाक कुठून चालवता. गाड्यांच्या चाकांनी उडालेली काच, खिळे, तारा सगळं डाव्या कडेला साचतं. पावसाच्या पाण्याने अजून तिथेच वाहून येतं, आणि ओल्या रबराला काच कोरड्यापेक्षा सहज कापते, पाणी तेलासारखं काम करतं. कडेपासून हात-दीड हात आत चालवा. तिथे गाड्यांच्या चाकांनी रस्ता झाडलेला असतो. डबक्यातून जाऊ नका, खाली काय आहे दिसत नाही. काचेवरून गेलात असं वाटलं तर पुढे थांबून टायरवरून हातमोजा फिरवा. तुकडा पहिल्या फेरीत नुसता चिकटतो, आत जायला त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात.

हायवेवाला:

दीड हात आत? सायनच्या बाजूला एकदा येऊन दाखवा. मागून बस हॉर्न देत अंगावर येते तेव्हा माणूस कडेलाच जातो, आणि कडेला तारा आहेत. म्हणूनच तर टायर.

बोरिवलीची पहाट:

पट्टी पाहिली. रबराची होती, सायकलबरोबर आलेली. प्रत्येक स्पोकच्या भोकावर खळगा पडलाय, कणकेत अंगठा रुतवल्यासारखा. एका जागी पट्टी बाजूला सरकून भोकाची धार उघडी पडली होती. ट्यूबवर तिथे गोल वळ उठलाय, भोक अजून नाही. उद्या कापडी टेप आणते. टायर तोच राहील.

मुलुंडचा सायकलवाला:

टेप थोडी ताणून लावा, सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरच्या बाजूने करा आणि जोड चार-पाच बोटं एकमेकांवर येऊ द्या. आणि ती वळ उठलेली ट्यूब जादा म्हणूनही जवळ ठेवू नका. पहाटेच्या रस्त्यावर तर नाहीच.

हायवेवाला:

मुलुंडकर, तुम्ही विचारलं होतं हवा किती आहे. शेजाऱ्याकडून मीटरवाला पंप आणून आत्ता मोजली. मागे 70 हवी, 41 निघाली. पुढे 38. अंगठ्याला दोन्ही एकदम घट्ट लागत होत्या. भरून खाली दोन चकरा मारून आलो, सायकल हलकी झाल्यासारखी वाटली. टायर मात्र काढणार नाही.

मुलुंडचा सायकलवाला:

काढू नका. पुढच्या रविवारी पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका. आठवड्याला किती उतरते ते तुमच्या टायरचं मला वहीत लिहायचंय.