न मळता केलेला ब्रेड: १८ तास गोव्यात चालतात का?

कुर्टीची_मुक्ता
नमस्कार मंडळी. कडक सालीचा, आतून जाळीदार ब्रेड घरी करायचा आहे. न्यूयॉर्कच्या जिम लाहे नावाच्या बेकरची, २००६ मध्ये गाजलेली न मळायची कृती धरली आहे: तीन कप मैदा, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, सव्वा चमचा मीठ, दीड कपाहून थोडं जास्त पाणी. नुसतं कालवायचं आणि १२ ते १८ तास झाकून ठेवायचं.

आता एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा ३० अंश असतात. रात्री नऊला कालवलेलं पीठ पहाटे पाचला टोपाच्या काठाला टेकतं आणि दहापर्यंत खाली बसून सैल, आंबूस होतं. मग १८ तास भरू द्यायचे की पहाटे उठून भाजायचं? बिडाचं झाकणवालं भांडं माझ्याकडे नाही. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, २५० अंशांपर्यंत जातो.

(दारात पाववाला पोदेर पोंप-पोंप करत येतो तेव्हा हा खटाटोप कशाला, हे सासूबाई रोज विचारतात. तुम्ही नका विचारू.)

म्हापशेकार
नाही कसं विचारणार! गरम पोय (आपला कोंड्याचा पाव) दारात मिळते आणि तुम्ही रात्रभर पिठाला राखण बसता. सासूबाईंना माझा नमस्कार. बाकी पीठ फ्रिजमध्ये टाका, एवढंच मला ठाऊक.

नलूमावशी_डिचोली
म्हापशेकार, पोदेराचा पाव वेगळा आणि हा वेगळा. पाव भाजीत बुडवायला, हा लोणी लावून चावत खायला. घरात दोन्ही नांदतात.

मुक्ता, १८ तास विसर. ते तास साधारण २१ अंशांच्या खोलीसाठी आहेत. पारा आठ-दहा अंश चढला की यीस्ट जवळपास दुप्पट वेगाने काम करतं. म्हणजे तुझ्याकडे पहाटे पाचला पीठ तयारच होतं, दहाला ते उतरलं. तयार झाल्यावर तसंच ठेवलं की आम्ल वाढतं, पिठातली विकरं (एन्झाइम) ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारे प्रथिनाचे धागे, तोडायला लागतात आणि गोळा धरवत नाही. घड्याळाकडे पाहू नकोस, पिठाकडे पाहा: दुप्पट झालं, वर बुडबुडे आले, मधोमध अजून फुगीर आहे, की भाजायला घ्यायचं. मध्यभाग खचायला लागला तर उशीर झाला.

पहाटे उठायचं काहीच कारण नाही. संध्याकाळी कालव, तास-दीड तास बाहेर ठेव, जीव धरल्यासारखं दिसलं की झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सवडीने काढ, दोन दिवस राहिलं तरी चालतं. थंडीत यीस्ट मंदावतं, चव मात्र मुरत राहते. फ्रिज भरलेला असेल तर यीस्ट निम्मं कर आणि गार पाणी वापर, रात्र निभावते.

कप ठेवून दे, वजनकाटा काढ. ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम यीस्ट. आपल्या मैद्यात तिकडच्या ब्रेडच्या पिठाएवढं प्रथिन नसतं, त्यामुळे तो तेवढं पाणी पेलत नाही. त्या कृतीतलं पाणी जसंच्या तसं घातलं की पीठ ओट्यावर पसरणारच. १०० ग्रॅम मैद्याच्या जागी चक्कीची कणीक घातलीस तर पाणी चमचा-दोन चमचे वाढव. चव छान येते, पण ब्रेड थोडा कमी फुगतो, कारण कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो.

बिडाचं भांडं नसलं तर अडत नाही. त्याचं खरं काम वाफ कोंडणं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं वाफेत साल मऊ राहते, म्हणून ब्रेड फुगू शकतो. मग झाकण काढलं की साल कडक होते, रंग येतो. ओटीजीत जाड ट्रे आणि त्यावर उपडं बसेल असं स्टीलचं पातेलं (प्लास्टिकची मूठ नको) २३० वर अर्धा तास तापव. गोळ्याला घड्या घाल, खाली गव्हाचा कोंडा भुरभुर, पोदेर पोयीला लावतो तोच. अर्धा-पाऊण तास विसावू दे, वर ब्लेडने चीर दे. ट्रेवर ठेवून पातेलं उपडं घाल. २५ मिनिटांनी पातेलं काढ, मग अजून १५ ते २०. जाड हातमोजे घाल, वाफ पटकन चटका देते. खालचा रॉड जवळ असल्याने तळ करपतो, त्यासाठी खालच्या कप्प्यात रिकामा ट्रे सरकव.

आणि गरम असताना कापू नकोस. तासभर तरी थांब, नाहीतर आत चिकट लागेल आणि तू म्हणशील कच्चा राहिला.

सावईवेरें_९१
मावशी, यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, चालेल? आजी म्हणायची पूर्वी पोदेर सूरच घालायचे.

नलूमावशी_डिचोली
घालायचेच. आता बहुतेक भट्ट्यांवर यीस्ट आहे, सूर काढणारे रेंदेरच कमी झालेत तर सूर आणायची कुठून? तुला सकाळची ताजी मिळत असेल तर निम्म्या पाण्याच्या जागी घाल. पण सूर रोज सारखी नसते, दुपारपर्यंत आंबटही होत जाते. म्हणून मुक्ताला पहिल्यांदा यीस्टवर हात बसू दे. सुरेची हौस आधी सान्नांवर (सूर घालून फुगवलेल्या, इडलीसारख्या) भागव.

कुर्टीची_मुक्ता
मावशी, देव बरें करूं. आजच काटा काढते. एकच राहिलं: पावसात साल मऊ पडेल ना? आणि उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू का?

नलूमावशी_डिचोली
पडणारच, जून-जुलैत हवेतलं पाणी कोण अडवणार. खाण्याआधी २०० वर पाच-सात मिनिटं ठेव, साल परत कडक होते. फ्रिजमध्ये मुळीच नको, तिथे ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. कापून फ्रीझरमध्ये टाक, लागतील तेवढे तुकडे तव्यावर भाज. आणि भाजताना लाईट गेली तर ओटीजीचं दार उघडून बघायचं नाही. पंधरा मिनिटांत आली तर ब्रेड वाचतो.

म्हापशेकार
आणि नाही आली तर पोदेर आहेच.