गटारलाइनचा प्लॅन करताना रहिवाशांना विचारायचं की नाही?

सखल:
गटाराचं काम निघालंय हे आपल्याला कळतं कधी, तर जेसीबी दारात येऊन रस्ता उकरायला लागतो तेव्हा. तोपर्यंत टेंडर झालेलं, वर्क ऑर्डर गेलेली, मग हरकत घेऊन काय उपयोग? माझं म्हणणं एवढंच की डिझाइन फायनल व्हायच्या आधी रहिवाशांना नकाशा दाखवा, आणि तोही ऑफिसात नाही, गल्लीत उभं राहून. पाणी कुठून घुसतं, आधी कुठलं चेंबर उसळतं, किती तास ओसरत नाही हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं. सर्व्हे होतो कोरड्या रस्त्यावर, जुन्या मोरीचं तोंड कुणी बांधकाम करून बुजवलंय हे त्यात कसं दिसणार?

उतार:
अजिबात पटलं नाही. पाणी उताराने जातं, बहुमताने नाही. पाइपात गाळ साचू नये म्हणून पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी वेग लागतो, त्यासाठी उतार लागतो, आणि लाइन शेवटी जिथे नाल्याला मिळते तिथली लेव्हल आपल्या हातात नसते. मीटिंगमध्ये प्रत्येकजण म्हणणार लाइन माझ्या गेटसमोरून नको, मग कुणाच्या तरी आग्रहाने दोन वळणं वाढतात आणि तिथेच चोकअप होतं. वर मीटिंगा चालू असताना पाऊस येतो, आणि शिव्या खातो इंजिनिअर.

सखल:
लेव्हल इंजिनिअरनेच ठरवावी, त्याला कोण नाही म्हणतंय? माहिती विचारणं वेगळं आणि पाइपावर मतदान घेणं वेगळं. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत १९८० पासून समाजसेवक अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात गल्लीतल्या लोकांनी स्वतः वर्गणी काढून लाइन टाकल्या, तांत्रिक मदत प्रकल्पाची, मोठे नाले सरकारने करायचे. स्वतःचे पैसे घातलेली लाइन लोक जपतात, त्यात कचरा लोटत नाहीत.

उतार:
ओरंगीतली लाइन मुख्यतः सांडपाण्याची, घरोघरचं पाणी थोडं असतं आणि लहान पाइपात मावतं. पावसाचं पाणी एका गल्लीचं नसतंच हो, वरच्या अख्ख्या भागाचं येतं. तुमची गल्ली झटपट कोरडी झाली म्हणजे ते पाणी खालच्या वस्तीत तेवढ्याच झटपट पोचलं, त्या वस्तीला तुमच्या मीटिंगला कोण बोलावणार?

शेवटचं घर:
मी त्याच खालच्या टोकाला राहतो म्हणून लिहितोय. उतार तोच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला की तो सहापटीहून जास्त पाणी वाहतो, वरच्या गल्लीत तसा मोठा पाइप टाकला, आमचा जुनाच ठेवला. आता पाऊस धरला की आमच्या चेंबरचं झाकण आधी थरथरायला लागतं, मग कडेने काळं पाणी सुटतं, मग झाकणच बाजूला सरकतं आणि रस्त्यावर पाणी असल्याने उघडं भोक दिसत नाही. पोरं शाळेतून येण्याची वेळ तीच असते. त्यात दरवेळी जुनं डांबर न खरवडता वर नवा थर, रस्ता वर आणि घरांची जोती खाली. आम्हाला काम सुरू होण्याआधी एका शब्दाने विचारलं असतं तर हे सगळं तेव्हाच सांगितलं असतं!

उतार:
हे मात्र मान्य, वरून मोठा आणि पुढे लहान पाइप ही उघड चूक आहे, पण ती कुठलाही चांगला इंजिनिअर पकडेल, त्याला सभा कशाला हवी? बोलवायचंच असेल तर वॉर्डाच्या हद्दीने बोलवू नका, पाणी जिथून जिथवर वाहतं तेवढ्या सगळ्यांना एकत्र बोलवा, एकच फेरी ठेवा आणि नंतर बदल नाही.

सखल:
एकच फेरी चालेल. पण नकाशावर प्रत्येक चेंबरची लेव्हल आणि पाइपाचा व्यास लिहिलेला पाहिजे, आणि जी सूचना घेतली नाही तिचं कारण लेखी द्या. "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हे कारण नव्हे, लेव्हल किती कमी पडते तो आकडा द्या, मग आम्ही गप्प बसू.

उतार:
आकडे द्यायला हरकत नाही. गप्प बसाल यावर मात्र माझा विश्वास नाही.