सात गडकरी एका मुलीच्या मागे का येतील? कथेसाठी सल्ला हवा

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आठवीतल्या भाच्यासाठी एक अद्भुतकथा लिहितेय. सह्याद्रीसारखा मुलूख, सात गड, एकमेकांचं तोंड न बघणारे सात गडकरी. घाटाखाली परक्याची फौज जमतेय आणि १९ वर्षांची मुलगी या सातांना एक करायला निघालीय. तिसऱ्या गडावर गाडी अडली. तिनं सदरेवर भाषण केलं आणि गडकरी तलवार घेऊन उठला. भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्यावर कोण जातंय का?" रात्रभर तेच डोक्यात. काय करू?

गडवाट
ताई, भाच्यानं नेमकं बोट ठेवलंय. गडकऱ्याचा जीव वतनात असतो. १६५९ ला अफजलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे मुलांना घेऊन महाराजांकडं आले, वतनावर पाणी सोडून. दोघंही एकाच मावळातले! तुमच्या सातांतला एक तरी फुटू दे. पण त्याला दुष्ट करू नका. त्याची शेती, त्याची लेकरं, त्याची भीती दाखवा. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, मी असतो तर मीही गेलो असतो.

पेठकर
कोल्हापुरात कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा आपण येता-जाता बघतो. १७०० ला राजाराम महाराज गेले, त्यानंतर सात वर्षं या बाईंनी औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. त्या धामधुमीत सरदार टिकवायला वतनं, इनामं द्यावी लागत होती. एकीला किंमत पडते. तुमच्या मुलीनं पहिल्या चार गडांवर शब्द देऊन टाकले, तर पाचव्यावर तिच्याकडं द्यायला काय उरतं? मला तर गोष्ट तिथंच दिसते.

मसाईपठार
पावसाला विसरू नका. दसऱ्याला सीमोल्लंघन, कारण तोवर नद्या उतरतात, वाटा मोकळ्या होतात. म्हणजे मुलीच्या हातात चार महिने. सगळे गडकरी पावसाच्या भरवशावर निवांत, आणि शत्रू पावसातही हटत नाही. सिद्दी जौहरनं १६६० ला पन्हाळ्याचा वेढा भर पावसात उठवला नव्हता.
आणि पन्हाळ्यावरचा अंबरखाना परत बघून या. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारं. गंगा कोठीच्या छताला भोकं आहेत, धान्य तिथून आत ओतायचे. आत उभं राहून वर बघा, मग लिहा.

गडवाट
+१. वेढ्यात आधी दाणा संपतो.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. भाषण काढून टाकलं. आता तिसरा गडकरी तिला काही न बोलता कोठारात नेतो. वरच्या भोकातून उजेडाचा कवडसा पडलाय, तो सरळ फरशीवर. दाणा नाही. ती दुसऱ्या गडाचं धान्य मागायला उलटी फिरते, आणि तो दुसरा गडकरी याचा सख्खा भाऊ, बारा वर्षं बोलणं नाही. भाच्याला काल वाचून दाखवलं. म्हणाला, "मग? दिलं का त्यानं?"
रविवारी दोघं पन्हाळ्याला निघालोय.