पहिली खूण कोणती होती? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात पहाटे अडीचला माझी मामेबहीण आमच्या दारात उभी होती. कडेवर मुलगा, हातात एक कापडी पिशवी. पिशवीत मुलाचा गणवेश आणि गॅसचं पुस्तक. गॅसचं पुस्तक कशाला घेतलं हे तिलाही सांगता येईना. सकाळपासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "अचानक असं काय झालं?"

अचानक काहीच झालं नव्हतं. नऊ वर्षं चाललं होतं आणि आम्ही सगळे त्या घरात जेवून आलो होतो. मला एक प्रसंग लख्ख आठवतो. होळीला गेलो होतो. मी तिला विचारलं, "अजून एक पोळी वाढू?" उत्तर द्यायच्या आधी तिने नवऱ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काय गं, पोळीलाही परवानगी?" सगळे हसले. तीही हसली.

म्हणून हा धागा. पहिला फटका कधी बसला ते विचारत नाहीये. काहींच्या घरात फटका कधी बसतच नाही. त्याच्या आधी काय खटकलं होतं ते लिहा. स्वतःचं, बहिणीचं, शेजारणीचं. नाव-गाव, नोकरीचं ठिकाण टाळा. "मग इतकी वर्षं राहिलीस कशाला?" हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारणार नाही. आणि जी आत्ता तशाच घरात आहे तिने घरातल्या फोनवरून लिहू नये. तातडीला ११२, बायकांसाठी १८१.

परसदार

चपला. तो दारात एकेक करून चपला काढायचा तेव्हा ठीक असायचं. दोन्ही एकदम भिरकावल्याचा आवाज आला की मी आमटी पुन्हा चाखून बघायचे. लग्नानंतर चार महिन्यांत माझ्या कानांना हे कळलं होतं. मला कळायला सात वर्षं गेली.

मोठी सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी बघते तर टीव्ही बंद, खेळणी खोक्यात आणि पोरगी दारातल्या चपला ओळीत लावतेय. कुणी सांगितलं गं, म्हटलं. म्हणाली, "बाबा यायची वेळ झाली ना." पोटात गोळा आला. तोवर त्याने एकदाही हात उचलला नव्हता. त्याचा स्वभाव कसा आहे यावर मी वर्षानुवर्षं विचार केला. आपण दिवसभर काय काय सांभाळत बसतो इकडे लक्षच दिलं नाही.

टोकन_१४

मी बँकेत कॅशला बसते. दिवसाला लाखांनी मोजते आणि रिक्षाचे पन्नास रुपये नवऱ्याकडे मागायचे. लग्न झाल्यावर तो प्रेमानेच म्हणाला होता, "दिवसभर पैशांचीच कटकट असते तुला, घरचं मी बघतो." एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, खात्याला मोबाईल नंबर त्याचा. मला ते लाडच वाटले, मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. मग भाजीचा हिशेब सुरू झाला. कोथिंबिरीची जुडी वीसला कशी, शेजारणीला पंधराला मिळाली. शेवटी मी भाजीवाल्याकडून कागदावर लिहून आणायला लागले. तो म्हणाला, "ताई, घरी ऑडिट आहे का?"

एका वरिष्ठ मॅडमनी सांगितलं की २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक छळासोबत आर्थिक छळही वेगळा लिहिलेला आहे. कलम ३. ते मी डबा खाता खाता वाचलं. पहिलं काम म्हणून खात्याचा मोबाईल नंबर बदलला. त्याला कळलं त्या रात्री जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. म्हणून सांगते, असं काही बदलायच्या आधी एका तरी माणसाला सांगून ठेवा.

कुंकवाचा_करंडा

माझं लग्न झालंच नाही. साखरपुडा झाला होता. रोज व्हिडिओ कॉल, "कॅमेरा जरा फिरव, खोलीत कोण आहे बघू." हॉस्टेलवरच्या मुली म्हणायच्या किती काळजी करतो गं. एकदा मावशीकडे फोन चार्जिंगला लावून गच्चीवर गेले, परत आले तर सत्तेचाळीस मिस्ड कॉल. माफी मी मागितली! दुसऱ्या दिवशी तो गुलाबजामचा डबा घेऊन आला, रडला. हे असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा डबा बघूनच मला कसंतरी झालं.

लग्न मोडलं. हॉलचे चाळीस हजार बुडाले. बाबा अजून दर दिवाळीला त्यावरून बोलतात. बोलू देते.

निनावी

मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिव्या घालायच्या तर घाला.

बायकोवर हात टाकला नाही याचा मला अभिमान होता. रागात वस्तू फुटायच्या, एवढंच. तिच्या आईने दिलेला पितळी डबा, तिचा मोबाईल दोनदा, तिच्या हार्मोनियमच्या पट्ट्या. "राग आवरत नाही, काय करू," असं म्हणायचो आणि मला ते खरं वाटायचं. ती गेल्यावर समुपदेशकांनी एक कागद दिला. फुटलेल्या वस्तू लिहा, समोर ती कोणाची होती ते लिहा. एकोणीस वस्तू झाल्या. माझी एकही नव्हती. माझा कॅमेरा त्याच कपाटावर असायचा. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर फाईल टेबलावर आपटली होती, तेव्हाही राग आला होता आणि तो व्यवस्थित आवरला होता.

परसदार

@निनावी, लिहिलंत ते उपयोगाचं आहे. कौतुक करणार नाही. एकोणीस वेळा ती त्याच खोलीत उभी होती.

कुंकवाचा_करंडा

+१. पण यादीची कल्पना वहीत लिहून ठेवली.

रात्रपाळी

अपघात विभागात काम करते. "बाथरूममध्ये घसरले" हे इतकं ऐकलंय की आता वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो. तळवे, कोपर, गुडघे खरचटतात. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वण फरशीने उठत नाहीत. आणि जखमेहून बोलकी गोष्ट म्हणजे, प्रश्न तिला विचारला की उत्तर सोबत आलेला देतो. मी काहीतरी निमित्त काढून त्याला केसपेपरच्या रांगेत पाठवते.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी होती. गळा. "दोनच सेकंद धरला", "नुसतं घाबरवायला धरला" असं म्हणून सोडून देऊ नका. बाहेर वण नसला तरी आत इजा असू शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काहीही असलं तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरांना "गळा दाबला" याच शब्दांत सांगा. जिथे एकदा गळा दाबला गेला तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र काढलं ते अशाच बायकांसाठी. त्या जखम घेऊन दवाखान्यात येतात, पोलिसांत जात नाहीत.

नागपूरची_आजी

मी ६७ वर्षांची. टायपिंगला वेळ लागून राहिला, सांभाळून घ्या.

मुलाच्या लग्नाला वर्ष झालं होतं. एक दिवस स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "साधं कळत नाही का तुले, की मुद्दाम करतेस?" मी ताट हातात घेऊन उभीच राहिली. ते वाक्य आमच्या ह्यांचं होतं. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज तोच, मुलाच्या तोंडून. सून काही बोलली नाही. धुतलेली वाटी पुन्हा धुवू लागली. मीही तेच करत होती, तीस वर्षं.

सुनेला म्हटलं, माहेरी जा की इथंच राह, तुझी मर्जी. साक्ष द्यायची पाळी आली तर मी देईन. दिली. मुलगा माझ्याशी बोलत नाही. नातू शनिवारी येतो, त्याला सांबारवडी आवडते.

ओसरी

आजी, नमस्कार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं देऊन विचारलं होतं की अशा वेळी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटतं का. "स्वयंपाक नीट केला नाही" हे त्यातलंच एक. सातपैकी निदान एका कारणाला हो म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के, पुरुष ४४. पुरुषांपेक्षा आपण एक टक्का पुढेच.

बर्फातली

२०११ मध्ये एच-फोर व्हिसावर, म्हणजे तिकडे नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या मागे बायकोला मिळतो त्यावर, न्यू जर्सीला आले. त्या व्हिसावर तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. पासपोर्ट "सुरक्षित राहावा" म्हणून नवऱ्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. गाडी एक, ती त्याची. दूध संपलं तर तो येईपर्यंत थांबायचं. पण मला खटकलं ते वेगळंच. आईचा फोन नेहमी स्पीकरवर घ्यायला लागायचा. ती विचारायची, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "हो, इकडे थंडी फार आहे." जून महिन्यातही मी थंडी फार आहे म्हणाले, तेव्हा आई गप्प झाली. तिने तिकडून शोधाशोध करून एका मैत्रिणीच्या मुलीला माझ्या घरी पाठवलं.

इथे 'मानवी' ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असला तरी पोलिसांना बोलावायचा हक्क त्याच्यावर अवलंबून नसतो, हे मला इथे येऊन दोन वर्षांनी कळलं.

निनावी_२

पुरुष आहे, आणि मार खाणारा आहे. खूण सांगायची तर, मी मित्रांना घरी बोलवणं बंद केलं होतं. चौकीत गेलो तर हवालदार हसला. २००५ चा कायदा पुरुषाला तक्रार करू देत नाही हे माहीत आहे. वाद घालायचा नाहीये, फक्त इथे नोंद असावी.

काळा_कोट

नोंद आहे, दादा. मारहाण ही कुणालाही केलेली मारहाणच. साध्या फौजदारी कलमांखाली तक्रार होते, आणि हसणाऱ्याच्या वरच्या साहेबाकडे लेखी देता येते.

बाकीच्यांसाठी थोडं. तक्रार केली म्हणजे घर सोडावं लागतं किंवा घटस्फोट मागावा लागतो, असं अजिबात नाही. २००५ च्याच कायद्याचं कलम १७ राहत्या घरात राहायचा हक्क देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होतो. याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे देतात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्यांनीही कळवता येतं. सद्हेतूने कळवलं तर त्यांच्यावर बालंट येत नाही. नवरा-सासरच्यांच्या छळाचं जुनं कलम ४९८अ आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे.

सगळ्यात नाजूक वेळ निघण्याची असते. "मी जाते" हे रागात तोंडावर सांगू नका. आधार, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं, औषधं हळूहळू दुसऱ्या घरी पोचवा. गॅसचं पुस्तकही चालेल.

नवीन_सभासद

सगळं वाचलं. चपलांचं दोनदा वाचलं. संरक्षण अधिकारी कुठे भेटतात? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. मैत्रिणीच्या फोनवरून लिहितेय, ती दुपारी दोन ते साडेतीन घरी असते.

धागाकर्ती

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तुमच्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांचं नाव मिळेल. उद्या सकाळी मी तिथे फोन करते. दोनला इथे आहे, जिल्हा तेवढा सांगा, गाव नको.